घर मोजायचे म्हणजे काय मोजायचे?

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर दरवर्षी इतिहास, संतवाङ्मय, संगीत अशा विषयांवर जाणकार बोलतात. आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आहोत आणि आमचे शिक्षण पॉलिटेक्निकच्या डिप्लोमापर्यंतचे. तरी यंदा कार्यकारिणीने आम्हाला उभे केले, त्याचे कारण सरळ आहे. येत्या वर्षात तुमच्या दाराची घंटा वाजणार आहे आणि दारात आमच्यापैकीच कोणीतरी उभे असणार आहे. आज आम्ही वारंवार "आम्ही" म्हणू, ते मोठेपणाचे समजू नका. शिक्षक, पटवारी, लिपिक, नगर निगमचे कर्मचारी अशा, मोबाइल किंवा वही घेऊन दारोदार जाणाऱ्या सगळ्यांच्या वतीने ते बोलणे आहे.

१६ जून २०२५ ला जनगणनेची अधिसूचना निघाली. लोकसंख्येची मोजणी १ मार्च २०२७ हा दिवस धरून होईल. त्याआधी, १ एप्रिल २०२६ पासून, पहिला टप्पा. तो घरांचा. त्याला घरयादी आणि गृहगणना म्हणतात. आजचा आमचा विषय तेवढाच आहे: देशातली घरे मोजतात कशी, आणि त्या आकड्यांचे पुढे होते काय.

प्रथम एक घोळ दूर करू. दारात कोणी कागद घेऊन आले की आपल्याला सगळे सारखेच वाटते. "मागच्या वर्षी तर लिहून नेले, आता परत कशाला?" हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकले आहे. पण दारात येणारे तीन वेगवेगळ्या कामांसाठी येतात. पहिले काम जनगणनेचे. त्यात देशातले प्रत्येक घर मोजतात, एकही सोडत नाहीत. दुसरे काम नमुना पाहणीचे. त्यात मोजकीच घरे निवडतात, पण खोलात विचारतात. तिसरे काम लाभार्थ्यांच्या यादीचे. कोणाला घरकुल द्यायचे, कोणाला रेशन, हे त्या यादीवरून ठरते. प्रश्न तिन्हीकडे सारखे वाटतात. भिंत कशाची, छप्पर कशाचे, खोल्या किती. पण तुमच्या उत्तराचे पुढे काय होणार, हे तिन्हीत वेगळे आहे. हा फरक कळला तर दारातले निम्मे गैरसमज मिटतात.

आता जनगणनेकडे येऊ. आमच्या वाट्याला साधारण सव्वाशे-दीडशे कुटुंबांचा एक गट येतो. पहिल्या दिवशी आम्ही कोणाला काहीच विचारत नाही. फक्त फिरतो आणि नजरी नकाशा काढतो. देऊळ कुठे, हातपंप कुठे, गल्ली कुठे वळते, कुठे संपते. मग इमारतींना क्रमांक देतो. तुमच्या दाराच्या चौकटीवर रंगाने किंवा खडूने आकडे लिहिलेले पाहून पुष्कळांना राग येतो, विशेषतः दिवाळीचा रंग ताजा असेल तर. पण तो आकडा नसेल तर एकच घर दोनदा मोजले जाते किंवा दोन घरांच्या मधले घर राहून जाते.

घर म्हणजे काय, याची व्याख्या ठरलेली आहे. रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून ज्याला स्वतंत्र मुख्य दार आहे, ती इमारत किंवा इमारतीचा भाग म्हणजे जनगणनेचे एक घर. मग तिथे माणसे राहोत, दुकान असो की कुलूप असो. मालकी कोणाची, याचा इथे संबंध नाही. आपल्याकडचे जुने वाडे आठवा. बाहेर एकच मोठा दरवाजा, आत चौक, चौकाभोवती चार बिऱ्हाडे आणि प्रत्येकाचे दार चौकात उघडणारे. आमच्या वहीत ती इमारत एक आणि घरे चार.

आणि कुटुंब म्हणजे काय? इथे आपल्या मंडळींची खरी परीक्षा होते. जनगणनेत कुटुंब रक्ताने ठरत नाही, रेशनकार्डाने ठरत नाही आणि समग्र आयडीनेही ठरत नाही. ते चुलीने ठरते. जे एकत्र राहतात आणि एका स्वयंपाकघरातले जेवतात, ते एक कुटुंब. मग त्यात नात्याचा नसलेला माणूसही आला. आणि सख्खे भाऊ एका छपराखाली राहून वेगळे शिजवत असतील, तर ती कुटुंबे दोन.

दारात काय होते ते सांगतो. आजोबा पुढे येतात आणि अभिमानाने म्हणतात, "आम्ही तीन पिढ्या एकत्र आहोत, लिहा एकच कुटुंब." तेवढ्यात आतून तीन कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. आजोबा खोटे बोलत नसतात. त्यांच्या मनात घर एकच असते. गणपती एक, कुळाचार एक, देवघर एक. पण आम्हाला विचारायचे असते ते चुलीचे. "अहो आजोबा, देवघर एक असू द्या, शिजते कुठे कुठे?" असे विचारावे लागते. आणि बहुतेक वेळा त्याचे नेमके उत्तर दारामागे उभ्या असलेल्या वहिनीच देतात.

एवढ्याने काय बिघडते, असे तुम्ही विचाराल. बिघडते. मागच्या वेळी, म्हणजे २०१० च्या घरयादीत, ३५ प्रश्न होते. त्यातले दोन असे की लोक एक तर हसायचे, नाही तर चिडायचे. राहण्याच्या खोल्या किती? आणि घरात विवाहित जोडपी किती? "हे विचारायला तुम्हाला लाज नाही वाटत?" असे एका बाईंनी आमच्या सहकाऱ्याला सुनावले होते. त्यांचे चुकले असे नाही, कारण या प्रश्नाचा हिशेब त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. तो आज सांगतो.

२०१२ मध्ये केंद्र शासनाने नेमलेल्या एका तांत्रिक गटाने देशातल्या शहरांत किती घरे कमी आहेत याचा अंदाज काढला. प्राध्यापक अमिताभ कुंडू त्याचे अध्यक्ष होते. जनगणनेचे आणि राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे मिळून त्यांनी हिशेब मांडला. तूट निघाली १ कोटी ८७ लाख ८० हजार घरांची. आता आपल्या मनात घरांची तूट म्हटली की पुलाखाली झोपणारी माणसे येतात. त्या हिशेबात बेघर कुटुंबे होती ५ लाख ३० हजार. दुरुस्त न होणाऱ्या कच्च्या घरांत राहणारी ९ लाख ९० हजार. जुन्या, जीर्ण घरांतली २२ लाख ७० हजार. आणि उरलेली, म्हणजे १ कोटी ४९ लाख ९० हजार? ती दाटीची. ज्या घरात एखाद्या तरी जोडप्याला स्वतःची वेगळी खोली नाही, ती घरे.

म्हणजे शंभरातली ऐंशी. देशाच्या शहरी घरटंचाईचा एवढा मोठा भाग त्या एका संकोचाच्या प्रश्नावर उभा आहे. रस्त्यावरची गरिबी डोळ्यांना दिसते. चार भिंतींच्या आतली दाटी रस्त्यावरून दिसत नाही. लग्न झालेला मुलगा आणि सून स्वयंपाकघरात अंथरूण टाकतात, म्हातारे आईवडील गॅलरीत झोपतात, पण बाहेरून घर पक्के, रंगवलेले, दारावर तोरण. ही दाटी कळायचा मार्ग एकच, विचारणे. त्या गटाने हेही दाखवले की या तुटीतला शंभरातला सुमारे ९६ भाग आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा आहे. शहरांत घरे बांधायची तर ती कोणासाठी आणि केवढी, याचे उत्तर त्या आकड्यात होते.

म्हणून खोल्या मोजतानाही नियम आहेत. स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास, अडगळीची खोली, व्हरांडा, बोळ हे राहण्याच्या खोल्यांत धरत नाहीत. पाहुण्यापुढे आपण म्हणतो, "चार खोल्यांचे घर आहे." त्यातले स्वयंपाकघर आणि व्हरांडा काढला की उरतात दोन. पाहुण्याला चार सांगा, आम्हाला दोनच सांगा.

जुन्या घरांबद्दल एक गंमतही सांगायला हवी. या हिशेबात चाळीस ते ऐंशी वर्षांचे घर वाईट अवस्थेत असेल तरच जीर्ण धरले. पण ऐंशी वर्षे उलटलेले घर कसेही असो, जीर्णातच गेले. आपल्या पूर्वजांनी होळकरशाहीत बांधलेले सागवानी खांबांचे वाडे आज ठणठणीत उभे असले, तरी त्या हिशेबाने ते तुटीच्या बाजूला पडतात. यात कोणाचा अपमान नाही. कोट्यवधी घरांचा हिशेब करताना कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि रेघ ओढली की काही चांगली घरे तिच्या पलीकडे जातातच. म्हणून आकडा वाचताना आधी रेघ कुठे ओढली ते पाहावे.

याच वाचण्याचे दुसरे उदाहरण रिकाम्या घरांचे. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३३ कोटी ८ लाख घरे मोजली गेली. त्यातली सुमारे २ कोटी ४७ लाख रिकामी होती, आणि त्यातली १ कोटी ११ लाख शहरांत. एकीकडे शहरांत पावणेदोन कोटींहून अधिक घरांची तूट, दुसरीकडे एक कोटीहून अधिक रिकामी घरे! वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहिले गेले की घरे तर पडून आहेत, मग टंचाई कसली? पण रिकामे घर आणि गरजू कुटुंब एकाच भावात, एकाच वस्तीत असतात असे नाही. कोणी गुंतवणूक म्हणून घर घेऊन ठेवतो. कोणी भाडेकरू ठेवायला घाबरतो. आणि आपल्या लोकांचे तर ठाऊकच आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला, आणि इथे घराला कुलूप, शेजाऱ्याकडे किल्ली. अशा दारापुढे उभे राहिल्यावर आम्हाला ठरवावे लागते की हे घर रिकामे आहे की माणसे राहतात पण सध्या गावाला गेली आहेत. कुलूप दोन्हीकडे सारखेच दिसते. म्हणून आम्ही पुन्हा येतो आणि शेजारी विचारतो. तेव्हा "आम्हाला काय करायचंय" म्हणून दार लावून घेऊ नका. तुमच्या एका वाक्याने तो आकडा बरोबर लागतो.

आता दुसऱ्या कामाकडे, नमुना पाहणीकडे वळू. प्राध्यापक महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. तिचे तत्त्व आपल्या आजीला माहीत होते. शितावरून भाताची परीक्षा. पण आजी वरचेच शीत उचलत नसे. महाप्रसादाचा मोठा हंडा असेल तर आधी झाऱ्याने ढवळायचे, मग वरून, मधून आणि तळातून शिते काढायची. नमुना पाहणीचे सगळे शास्त्र या ढवळण्यात आहे.

२०१८ च्या जुलै ते डिसेंबरमध्ये या पाहणीची ७६ वी फेरी झाली. विषय होता पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि घरांची स्थिती. आधी देशाचे थर पाडले. मग त्यांतून ५,३७८ गावे आणि शहरांतले ३,६१४ गट चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडले. प्रत्येक ठिकाणी सगळ्या घरांची यादी करून त्यातून मोजकी कुटुंबे निवडली. एकूण कुटुंबे १,०६,८३८. म्हणजे त्यातले एकेक कुटुंब सरासरी दोन हजारांहून अधिक कुटुंबांच्या वतीने बोलत होते. कोणाच्या दारात जायचे हे तिथे कर्मचाऱ्याच्या हातात नसते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय जावे लागले तरी जायचे, आणि कुत्रा भुंकला म्हणून शेजारच्या घरात शिरायचे नाही. सोपी दारे निवडली तर देशातली फक्त सोपी घरे मोजली जातील.

या फेरीची एक गोष्ट आम्हाला फार शिकवून गेली. २०११ मध्ये ग्रामीण भागातल्या शंभरातल्या ६९ कुटुंबांच्या घरी संडास नव्हता. मग स्वच्छ भारत अभियान आले. २ ऑक्टोबर २०१९ ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पुढच्याच महिन्यात या पाहणीचा अहवाल आला. त्यात २०१८ च्या अखेरीस ग्रामीण भागात शंभरातल्या ७१ कुटुंबांनाच संडासाची सोय असल्याचे दिसले. मोठी चर्चा झाली. पण अहवालातच एक सावधगिरीची सूचना होती. "सरकारी योजनेचा लाभ मिळाला का?" हा प्रश्न आधी विचारला गेला होता आणि "संडास आहे का?" हा नंतर. लाभ मिळेल या आशेने काहींनी "नाही" म्हटले असणे शक्य आहे, असे तिथे नोंदवले आहे. म्हणजे नुसत्या प्रश्नांच्या क्रमानेही उत्तर बदलू शकते! पाहणी आखणाऱ्यांनी आपल्याच आकड्याजवळ ही सूचना छापली, याचे आम्हाला कौतुक वाटते. आणि २०११ ते २०१८ मधला फरक खराच मोठा होता, हेही विसरू नये.

नमुन्याची मर्यादाही लक्षात ठेवा. हंड्यातल्या शितांवरून हंड्याची परीक्षा होते, प्रत्येक पानावरच्या मुदीची होत नाही. नमुना पाहणी देशाचे आणि राज्याचे सांगते. आपल्या वॉर्डात, आपल्या मोहल्ल्यात किती घरांना नळ नाही, हे फक्त पूर्ण मोजणीच सांगू शकते. पाणी घरात आहे, की शहरात शंभर मीटरच्या आत आहे, की त्याहून लांब, हे जनगणना प्रत्येक घरी विचारते. हंडा घेऊन चालणाऱ्या बाईची पायपीट त्या एका रकान्यात नोंदवली जाते.

तिसरे काम लाभार्थ्यांच्या यादीचे. २०११ मध्ये जनगणनेपासून वेगळी अशी सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणना सुरू झाली. पुढे २०१६ मध्ये ग्रामीण भागासाठी प्रधानमंत्री आवास योजना आली, तेव्हा लाभार्थी याच यादीवरून काढले. ज्यांना घर नाही, किंवा जे दोन खोल्यांपर्यंतच्या, कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर असलेल्या घरात राहतात, त्यांची नावे ग्रामसभेपुढे ठेवून पडताळली. सपाटीच्या भागात मदत १ लाख २० हजार रुपये.

इथे छपराचा रकाना पाहा. हाताने केलेली कौले, ज्यांना आपण इकडे कवेलू म्हणतो, ती यादीच्या लेखी कच्ची. यंत्रावरची कौले पक्की. लोखंडी पत्राही पक्का. मातीच्या भिंतीच्या घरावर पावसाच्या भीतीने कोणी उसनवारी करून पत्रे घातले, तर त्याचे छप्पर पक्क्यात गेले. कर्मचाऱ्याने एक आकडा या रकान्याऐवजी त्या रकान्यात लिहिला, तर एका कुटुंबाचे घर वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाऊ शकते. पुष्कळ गरजू सुटले हे लक्षात आल्यावर २०१८ च्या जानेवारीपासून २०१९ च्या मार्चपर्यंत "आवास प्लस" नावाची पाहणी करून राहिलेल्यांची नोंद घ्यावी लागली. यादी करणाऱ्या हाताची जबाबदारी केवढी असते, हे यावरून कळावे.

आणि म्हणूनच गोपनीयतेचा फरक मोठा आहे. लाभार्थ्यांची यादी उघड असते, गावासमोर वाचली जाते. तशी ती असायलाच हवी, नाही तर हरकत कोण घेणार? जनगणनेचे उलट आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने तुमची वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही. त्या कायद्याखालच्या खटल्यांचा अपवाद सोडला तर ती न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. आयकर, नगर निगमचा घरपट्टी विभाग, भाडेकरूशी वाद घालणारा मालक, कोणालाही ती मागता येत नाही. जनगणनेतल्या उत्तराने तुम्हाला घरकुल मिळणार नाही, आणि असलेले रेशनही जाणार नाही. तिथे बाहेर पडतो तो फक्त बेरजेचा आकडा.

पण बेरीज तुमच्याच उत्तरांची असते. मालकाने घरपट्टीच्या भीतीने वरच्या मजल्यावरचे दोन भाडेकरू लपवले, तर भीती खोटी आणि नुकसान खरे. गल्लीत माणसे दीडशे आणि कागदावर शंभर. पाण्याच्या टाकीचा आणि शाळेच्या वर्गांचा हिशेब शंभरावरच होईल. आणि तो आकडा नव्या मोजणीपर्यंत चालतो. २०११ नंतरची मोजणी २०२१ ला व्हायची होती, ती आता होते आहे. आज लिहिलेली चूक किती वर्षे जगेल, याचा अंदाज त्यावरून करा.

मंडळातल्या बऱ्याच जणांनी आम्हाला आधीच विचारले की मातृभाषा मराठी केव्हा लिहायची? त्याचे उत्तर: घरयादीत नाही. तो प्रश्न दुसऱ्या टप्प्यात, लोकसंख्येच्या मोजणीत येतो. २०११ मध्ये देशात ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली, आणि त्यातले सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेरचे होते. त्यात आपण आलो. पण मातृभाषा विचारण्याआधी तुमचे दार यादीत असावे लागते. पहिल्या टप्प्यात सुटलेले घर दुसऱ्या टप्प्यात सापडणे अवघड. म्हणून भाषेची काळजी असणाऱ्यांनीही आधी घराची नोंद नीट करावी.

शेवटी चार विनंत्या. एक, येणाऱ्याचे ओळखपत्र जरूर पाहा. आधारचा ओटीपी किंवा बँकेचा क्रमांक मागितला तर तो आमचा माणूस नाही. दोन, या जनगणनेत मोबाइलवरून स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. घरातल्या तरुणांनी शेजारच्या एकट्या आजी-आजोबांनाही मदत करावी. तीन, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना, वॉचमनला, बांधकामावरच्या मजुरांना हे समजावून सांगा. ज्यांचे घर मोजले जाण्याची सर्वांत जास्त गरज असते, ती माणसे आम्ही जातो तेव्हा कामावर गेलेली असतात. आणि चार, उत्तर देताना घरातल्या बाईला पुढे बोलावा. चुली किती, पाणी कुठून येते, रात्री कोण कुठे झोपते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

लोकमान्यांनी घरातला गणपती चौकात आणला तो लोक एकत्र यावेत म्हणून. या मांडवात आपण दहा दिवस एकमेकांची ख्यालीखुशाली विचारतो. देशाने आपल्या प्रत्येक घराची ख्यालीखुशाली विचारायची वेळ आता येते आहे. घरात असेल ते असेल तसे सांगा. आम्हाला उन्हात एक पेला पाणी दिलेत तर आनंद आहेच, पण खरे उत्तर दिलेत तर त्याहून जास्त.



गणपती बाप्पा मोरया!